सकाळी तक्रार, दुपारी उत्तर

आमच्या व्याह्यांइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि एवढ्या निष्ठेच्या बदल्यात दोन्ही पक्षांकडून ‘फितूर’ म्हणवून घेण्याचा मान मिळवलेलाही दुसरा कुणी सापडायचा नाही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली तेव्हा मला एवढंच सांगण्यात आलं होतं, की माणूस मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालाय, आगाशीत स्वतःचं घर आहे आणि पक्षाचं थोडंफार काम करतो. ‘थोडंफार’ हा शब्द मध्यस्थाचा. त्याचा खरा अर्थ मला मांडववाला कापडं दाखवायला आला त्या दिवशी कळला. झालरीचा एक रंग बघून व्याही ताडकन उठले. “हा रंग आमच्या दारात लागणार नाही!” का, तर तो समोरच्यांच्या झेंड्याचा रंग. आता आली पंचाईत, कारण माझ्या मुलीने शालू नेमका त्याच रंगाचा घेतला होता. फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. शेवटी विहीणबाईच त्यांना म्हणाल्या, “सून आणताय की उमेदवार?” आणि शालू वाचला. मात्र लग्नाच्या फोटोत सासरेबुवा सुनेशेजारी उभे आहेत ते मान जरा पलीकडे वळवून.

‘समोरचे’ हा त्यांचाच शब्द. विरोधी पक्षाचं नाव ते तोंडाने घेत नाहीत. खरं तर विरोधी पक्ष ह्यांचाच, कारण व्याही ऐन विशीत पक्षात शिरले तेव्हापासून त्यांच्या वॉर्डात दर वेळी समोरचेच निवडून येत. ह्यांनी सुतळ्या बांधल्या, खळ शिजवून पोस्टरं डकवली, सभेच्या खुर्च्या मांडल्या आणि सभा संपल्यावर त्याच उचलल्या. निकालाच्या संध्याकाळी समोरचे यांच्या दारात येऊन फटाक्यांची माळ लावायचे आणि हे आत खिडक्या लावून बसायचे. “मास्तर,” ते मला म्हणायचे, “मला पद नको, तिकीट नको. एकदा आमचा माणूस निवडून यावा, गुलालाची जीप आगाशीच्या बाजारातून निघावी, आणि त्या जीपमध्ये मला उभं राहता यावं. बसायला नको, नुसतं उभं.” राजकारणात एवढी स्वस्त इच्छा बाळगणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

पक्षाची निवेदनं लिहिणं हे त्यांचं खास खातं. कचेरीत जन्म गेलेला, त्यामुळे सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशीच व्हायची, पण दुसऱ्या परिच्छेदात माणूस असा काही पेटायचा की विचारू नका. बाब काय, तर गटारावर झाकण नाही. पण व्याह्यांचं निवेदन वाचताना त्या गटारात आपली स्वतःची आई पडली आहे असं वाटायचं. गेल्या खेपेला समोरच्यांच्या एक बाई निवडून आल्या आणि पुढे प्रभाग समितीच्या सभापती झाल्या. अर्नाळ्याच्या कोळ्यांची लेक, सासर आगाशीत. बोलायला फटकळ, चार पुरुषांना ऐकायची नाही, पण कागद पुढे आला की बाईंना घाम फुटायचा. एक दिवस या मॅडम निवेदनांचा गठ्ठा घेऊन थेट व्याह्यांच्या ओटीवर येऊन बसल्या. “काका, तुमची पत्रं वाचून मला झोप लागत नाही. उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाही. तक्रारी एवढ्या छान लिहिता, तर उत्तरंही तुम्हीच लिहा की!”

निवृत्त नवरा दिवसभर घरात असण्याचा काय ताप असतो हे विहीणबाईंना चांगलंच कळलेलं होतं. त्या आतूनच ओरडल्या, “जातील ते. उद्यापासून पाठवते.” व्याह्यांनी मान राखण्यापुरती एक अट घातली. “काम तुमचं करीन, मत आमचंच राहील.” मॅडम म्हणाल्या, “मत कोण मागतंय? निवडणुकीला अजून वेळ आहे.”

झालं! सुरू झाला संसार. सकाळी घरी बसून पक्षाच्या वतीने तक्रार लिहायची, ती स्कूटरवरून स्वतःच कार्यालयात नेऊन द्यायची, आणि दुपारी सभापतींच्या वतीने तिला उत्तर लिहायचं. कार्यालयाच्या कोपऱ्यावर पानवाल्यापाशी गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून डिकीत टाकायचं, संध्याकाळी तिथेच पुन्हा घालायचं. पानवाला म्हणे त्यावरून घड्याळ लावायचा. टेबलापुढच्या भिंतीवर समोरच्यांच्या पुढाऱ्याची तसबीर होती, तर ह्यांनी टेबल असं फिरवून घेतलं की तसबिरीकडे सरळ पाठ व्हावी. एकदा मी न राहवून विचारलं, “व्याहीबुवा, स्वतःच्याच पत्राला उत्तर देताना वाटतं तरी काय?” ते गंभीरपणे म्हणाले, “उत्तर चांगलं लिहिलं होतं मास्तर. पण मला पटलं नाही. आज पुन्हा तक्रार केलीय.” आणि ती दुसरी तक्रार टेबलावर आली की हेच कपाळाला आठ्या घालून पुटपुटणार, “काय ही भाषा! एवढं कडक लिहायचं काही कारण?” मग तिसरी येऊ नये म्हणून माणसं पाठवून काम उरकून घेणार. गटारावर झाकण असंच बसलं. वॉर्डातली कामं इतकी भराभर यापूर्वी कधी झाली नव्हती, आणि त्याचं श्रेय समोरच्यांना मिळतंय म्हणून व्याही रात्री चरफडत.

भाषणांचं तर विचारूच नका. एका रस्त्याच्या भूमिपूजनाला मॅडमचं भाषण ह्यांनी लिहिलं. मॅडम तालात वाचत गेल्या आणि वाचता वाचता कडाडल्या, “इतकी वर्षं सत्ता भोगूनही या लोकांनी वॉर्डात एक खडा हलवलेला नाही!” टाळ्या कडकडून पडल्या, आणि टाळ्या वाजवणारे सगळे त्यांचेच लोक होते. चटकन कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मॅडम खाली उतरून म्हणाल्या, “काका, हे भाषण कुणाचं?” हे म्हणाले, “सवयीने झालं, मॅडम.” पदराने डोळे पुसावे लागेपर्यंत बाई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या ठेकेदाराला बोलावून म्हणाल्या, “आता मी जाहीर बोलून बसलेय, तेव्हा लवकर हलवा खडा.” त्या दिवशी व्याही मला एवढंच म्हणाले, “बाई वाईट नाही हो.” त्यांच्या तोंडून समोरच्यांविषयी निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य. म्हणाले आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

मी मराठीचा मास्तर, त्यामुळे एक गोष्ट माझ्या कानाला लागायची. कार्यालयात ते ‘आम्ही’ म्हणत नसत, ‘आपण’ तर मुळीच नाही. सगळं कर्मणी. कळवण्यात येईल, पाहणी करण्यात येईल. कर्त्याला इतका दडवून ठेवणारा माणूस मी वर्गातही पाहिला नव्हता. हे खूळ पुढे घरापर्यंत गेलं आणि ते विहीणबाईंना “चहा टाकण्यात येईल का?” असं विचारू लागले. ‘आपण’, ‘आपलं’ हे शब्द मात्र पक्षासाठी राखून ठेवलेले. आणि तिथेच घात झाला.

निवडणूक जवळ आली होती. पक्षाची बैठक होती आणि अध्यक्ष पाण्यावर बोलत होता. हा अध्यक्ष म्हणजे व्याह्यांच्याच हाताखाली पोस्टरं डकवायला शिकलेला. मंगळवारी मॅडमच्या घरावर हंडा मोर्चा न्यायचा असं ठरत होतं. व्याही उठून म्हणाले, “मंगळवार नको. मंगळवारी आपली नवी लाइन सुरू होतेय.”

अध्यक्षाने हळूच विचारलं, “कुणाची, काका?”

व्याही उभेच राहिले. नंतर मला म्हणाले, “गावाची, असं म्हणालो असतो तर सुटलो असतो. पाइप गावाचाच आहे. पण खरं सांगू मास्तर? तेव्हा माझ्या मनात गाव नव्हतं. मॅडम होत्या, पाइप जोडणारा तो प्लंबर होता, मी होतो. चार महिने खपलो होतो आम्ही त्या लाइनसाठी.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाने निरोप धाडला. निष्ठा दाखवायची असेल तर मॅडमच्या टेबलावरचा एखादा कागद आणून द्या, सभेत वाचू. नसेल आणायचा तर बैठकीला येऊ नका. व्याह्यांनी उलट निरोप दिला, “मत तुमचं आहे, टेबल त्यांचं आहे.” त्याच संध्याकाळी त्यांना पक्षाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढून टाकलं. तो फोन ते मला पुन्हा पुन्हा दाखवायचे, जणू काही चुकून बोट लागलं असेल. तिकडे कार्यालयात समोरच्यांचे लोकही ह्यांना बघून कुजबुज थांबवायला लागले. हेर म्हणायचे. मॅडमनी मात्र सगळ्यांदेखत सुनावलं, “बोला, बोला. काका इथेच बसणारेत. लपवून काय करणार, शेवटी तक्रार तेच लिहिणार!”

मग प्रचार सुरू झाला आणि व्याह्यांनी मॅडमपुढे रजेचा अर्ज ठेवला. रजेचं कारण : ‘आपणाविरुद्ध प्रचार करणे.’ मॅडमनी खाली लिहिलं, ‘मंजूर. उन्हात टोपी घालून फिरावे.’ पक्षाने बोलावलं नव्हतं, पत्रकं दिली नव्हती, तरी हा गृहस्थ गळ्यात उपरणं घालून एकटा दारोदार फिरला. मी म्हटलं, “अहो, ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठी?” तर माझ्यावरच उखडले. “मला अध्यक्षाने हाकललंय. पक्षाने नाही!”

आणि यंदा पक्ष आला की हो निवडून! मॅडम पडल्या. निकाल कळताच मी फुलपाड्याहून स्कूटरने आगाशी गाठली. व्याही दाढी करून, पांढरे कपडे आणि इस्त्रीचं उपरणं घालून सकाळपासून तयार बसले होते. फोन हातात. फोन काही वाजला नाही. उन्हं उतरल्यावर स्वतःच म्हणाले, “चला, लांबून तरी बघू.” बाजारात जीप आली, ढोल, गुलाल, नुसता गदारोळ. आम्ही एका दुकानाच्या कडेला उभे. आणि जीप चक्क आमच्यासमोर थांबली. अध्यक्षाने वरून हात पुढे केला. “चढा, काका. झालं गेलं.”

व्याह्यांनी पायरीवर पाय ठेवला. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही, मुंज लागलेल्या बटूसारखा झाला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ड्रायव्हरला ओरडलं, “आता मॅडमच्या दारात! मोठी माळ तिथेच लावायची!”

“दारात कशाला?” व्याह्यांनी विचारलं.

“कशाला म्हणजे? एवढी वर्षं त्यांनी तुमच्या दारात लावली ना!”

“म्हणून तर म्हणतो. आत बसून कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.”

अध्यक्ष हसला, हात अजून पुढेच होता. व्याह्यांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला. “व्हा तुम्ही पुढे,” म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “मास्तर, स्कूटर काढा. वाडीतल्या वाटेने आधी पोचू.”

मॅडमच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि एकावरही माणूस नव्हता. अर्नाळ्याहून आलेली त्यांची म्हातारी आई तेवढी ओटीवर बसलेली. ती म्हणाली, “कोनी नाय आला. तुमीच आलात.” व्याह्यांनी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, एकेक खिडकी स्वतः लावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. उपरणं गळ्यात तसंच. ढोल जवळ आला, जीप फाटकाशी आली, दोघांनी रस्त्यावर माळ पसरली. मग अध्यक्षाची नजर पायरीवर गेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षाने हाताने खूण केली आणि लोकांनी माळ गोळा करून पुढे नेली. लावली, नाही असं नाही, पण चांगली चार घरं सोडून.

आवाज थांबल्यावर मॅडम बाहेर आल्या. रडून डोळे सुजले होते. त्यांनी पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या उपरण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काका, तुमचा पक्ष निवडून आला. अभिनंदन.” मग आत हाक मारली, “आई, साखर आण गं.”

अख्ख्या दिवसात व्याह्यांचं अभिनंदन करणारं पहिलंच माणूस ते. म्हातारीने वाटी आणली आणि त्यांच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली. “गोड खा रे बाबा. तुजा दिवस हाय.” व्याह्यांनी मूठ मिटली, आणि हा एवढा कचेरीत मुरलेला माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. मॅडम त्यांच्याच शेजारी पायरीवर बसून राहिल्या.

साखर त्यांनी खाल्ली नाही. स्कूटरवर माझ्यामागे बसून, एका हाताने माझा खांदा धरून, दुसरी मूठ तशीच मिटलेली त्यांनी घरापर्यंत आणली. दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या तळव्यावर मूठ उघडली तेव्हा घामाने निम्मी साखर विरघळून गेली होती.

“निवडून आलो,” व्याही म्हणाले.