फेसावरचं कुंकू

सून पाइनच्या वासाच्या फिनाईलने फरशी पुसू लागली, की मला तुमसरकडची मॅंगनीजची खाण आठवते. सत्तरच्या दशकात मी आणि सासूबाई तिथे हातोड्याने दगड फोडून काळं मॅंगनीज पांढऱ्या गारगोटीपासून वेगळं करायचो. दसऱ्याला साऱ्या बाया आपापल्या हातोड्याला कुंकू लावायच्या.

एका दसऱ्याला साहेबांनी आम्हाला नव्या टाकीच्या पूजेला बोलावलं. टाकीत दळलेल्या दगडाचं पीठ, पाणी आणि याच वासाचं तेल घुसळलं जात होतं. काळे कण फेसाला चिकटून वर येत होते, गारगोटी तळाशी राहत होती. इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी टाकीला कुंकू लावलं. त्यातलं चिमूटभर फेसावर सांडलं आणि वाहून गेलं.

"माय, हे टाकी तं आपलंच काम करून राहिली," मी हळूच म्हणाले.

"दिसते मले. हात जोड, साहेब पाहून राहिला."

मी हात जोडले.

पुढच्या दसऱ्याला सासूबाई सवयीने कुंकवाचा करंडा घेऊन बसल्या. हातोडे खाणीचे होते, ते केव्हाच जमा झाले होते.