दाजींचे मडगार्ड

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, यांना जगातलं सगळं येतं. फक्त दुसऱ्याचं ऐकून घेणं तेवढं येत नाही. आयुष्यभर कारकुनी केली, पण हातात पाना आला की अंगात इंजिनिअर संचारतो. घरातले पंखे, नळ, शिलाई मशीन, सगळ्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. शेजारी पाठीमागे ‘दुरुस्तीबहाद्दर’ म्हणतात. ते दाजींच्या कानावर गेलं, तर त्यांना तो गौरव वाटला.

यंदा पाळी आली बाबांच्या बोटीच्या ट्रेलरची. बोट बाबांनी स्वतः बांधलेली. दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी त्यांना पाण्यावर एका फेरीची परवानगी दिली होती, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा कुणीच देत नव्हतं. रविवारी त्यांना तळ्यावर न्यायचंच, असं ताईने ठरवलं. पण ट्रेलरचे दोन्ही मडगार्ड तडकून लोंबत होते, कारण बोटीत चढताना दाजी पायरी समजून त्यांच्यावरच पाय देत.

वेल्डरने तडे सांधून दिले आणि बजावलं, "साहेब, आधी बोट ट्रेलरवर चढवा, वजनाने स्प्रिंगचे पाटे दबू द्या, मग भोकांच्या खुणा करा."

दाजी नुसते हसले. घरी आल्यावर त्यांनी रिकामा ट्रेलर जॅकवर उचलला, नवी भोकं पाडली आणि मडगार्ड चांगले चार बोटं खाली बसवले. चाकाला चिकटून असले की रुबाबदार दिसतात म्हणे.

खिडकीतून बाबा म्हणाले, "बोट चढवून बघा एकदा, जावईबापू."

"तुम्ही आराम करा," दाजी ओरडले, जणू बाबा ठार बहिरे आहेत. मी नट घेऊन शेजारीच उभा होतो. मला सगळं कळत होतं, तरी मूग गिळून गप्प बसलो. घरातली शांतता जपणारा मी मोठा शहाणा.

रविवारी निघालो. गाडी अर्थातच दाजी चालवत होते. दोन वळणं झाली नाहीत तोच रबर जळल्याचा वास आला.

"अहो, थांबा. टायर घासतोय," ताई म्हणाली.

"पुढच्या ट्रकचा वास आहे तो."

पुढे ट्रक नव्हता. तळं दिसायला लागलं आणि टायर फुटला. ट्रेलर कलंडला, बोट घसरून रस्त्याकडेच्या खांबावर आपटली आणि तळाच्या दोन फळ्या फुटल्या.

दाजी उतरले, टायरला लाथ घातली आणि हल्लीच्या कंपन्या किती हलका माल देतात, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावू लागले. लाज म्हणून काही या माणसाच्या वाट्याला आलेलीच नाही.

बाबा पुढच्या सीटवरून हलले नाहीत. काचेतून पाण्याकडे बघत राहिले. ताई बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"पोरी, हे स्थळ मीच आणलं होतं," बाबा म्हणाले. "तू नको म्हणत होतीस. चुकलंच माझं."

ताईने झाकण उघडून बाटली त्यांच्या हातात दिली.

"हे ऐकायला तीस वर्षं थांबले होते मी," ती म्हणाली. "प्या आता पाणी."