मधाची वात

शहाद्याच्या कचेरीत कारकून म्हणून माझी बदली झाली, तेव्हा मी पुण्याहून एकटाच आलो होतो. कचेरीसमोरच्या चिंचेखाली संध्याकाळी अहिराणीत गप्पांचा फड जमायचा. मी जाऊन माझ्या पुणेरी मराठीत दोन शब्द बोललो, की माणसं उठून उभी राहायची, 'रावसाहेब' म्हणायची आणि गप्प व्हायची.

बाजाराच्या दिवशी त्याच चिंचेखाली तोरणमाळाच्या डोंगरातला एक आदिवासी म्हातारा मधाचं मडकं घेऊन बसायचा. तो मुका आहे, अशी माझी पक्की समजूत होती. गिऱ्हाईक आलं, की तो कापसाची वात मधात बुडवून पेटवायचा. भेसळ असली तर वात तडतडते. त्याची शांत जळायची. मग बोटांनी भाव सांगायचा. मीही वात बघूनच मध घ्यायचो.

एकदा त्याच्या पाड्यावरची एक बाई आली आणि हा मुका माणूस त्यांच्या पावरी बोलीत घडाघडा बोलायला लागला, खळखळून हसलासुद्धा. ती गेल्यावर मी विचारलं, "अरे, तुला बोलता येतं?"

तो तोडक्यामोडक्या अहिराणीत म्हणाला, "येस ना, साहेब. पन मी पावरीमा तोंड उघाडं का लोके म्हंतस, मधमा गूळ शे."

मग माझ्याकडे निरखून बघत त्याने विचारलं, "आन तुमनासंगे कोन बोलस?"

मी त्याच्या मडक्याशेजारी खाली बसलो. त्या दिवशी मी भांडं आणलं नव्हतं; मला मध नको आहे, हे त्याला दिसत होतं. तरी त्याने एक वात बुडवून पेटवली. ती विझेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.