तळ झाकेल एवढी कॉफी

शेवटच्या भेटीत सलमाखालाने माझा कप काठोकाठ भरला आणि मी घाबरले. बाहेरच्या कुणाला वाटेल, यात भिण्यासारखं ते काय? कप तो केवढा, बिनकानाचा, आपल्या हळदीकुंकवाच्या वाटीएवढा. अरब लोक त्याला फिंजान म्हणतात. पण त्या भरल्या कपाचा अर्थ मला ठाऊक होता. आठवड्याभरातच तिच्या नवऱ्याचा, युसुफकाकांचा फोन आला. नंबर पाहिला आणि उचलायच्या आधीच मला कळलं...

अमेरिकेत शॉमबर्गला आम्ही नवीन आलो तेव्हा ती शेजारच्या टाउनहाऊसमध्ये राहायची. मूळची अम्मानची. मिलिंद, माझा नवरा, ऑफिसला गेला की मी डिपेंडंट व्हिसावर भिंतींशी बोलत बसलेली. एका दुपारी तिने हाक मारून घरात घेतलं, लांब चोचीच्या पितळी किटलीतून वेलदोडा घातलेली कडू कॉफी ओतली, तीही जेमतेम तळ झाकेल एवढी. मनात म्हटलं, बाई चांगलीच चिक्कू दिसते. मग ती माझ्याकडे आली तेव्हा नागपूरचा पाहुणचार काय असतो ते दाखवावं म्हणून मी तिचा कप बशीत सांडेस्तोवर भरला. ती निमूट प्यायली, उठली आणि गेली. पुढे कितीतरी दिवस फिरकली नाही. शेवटी युसुफकाकांनीच पत्रांच्या पेटीपाशी हसत हसत उलगडा केला. त्यांच्याकडे थोडी कॉफी म्हणजे बस, अजून ओतायची आहे. काठोकाठ कप म्हणजे प्या आणि निघा. म्हणजे मी तिला चक्क घराबाहेर काढलं होतं की! धावत जाऊन तिचे हात धरले, तर बाई हसून हसून रडली. त्या दिवसापासून ती मला बिंती म्हणायला लागली, म्हणजे लेक, आणि मी तिला खाला, म्हणजे मावशी.

मग विमानं आदळून ते जुळे मनोरे पडले, तो सप्टेंबर आला. तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे दुकानात लोक टक लावून बघायला लागले, एकदा कुणीतरी गाडीतून ओरडून गेलं, आणि तिने बाहेर पडणंच बंद केलं. एका सकाळी सरकारी खात्याचे दोन सूटवाले आले आणि काही प्रश्न विचारायचेत म्हणून युसुफकाकांना घेऊन गेले. मी मिलिंदला फोन केला. तो आवाज खाली करून म्हणाला, "हे बघ, आपलं व्हिसाचं एक्स्टेंशन पेंडिंग आहे यार. कुठे आपलं नाव यायला नको. तू जाऊ नकोस, प्लीज." तो काही वाईट माणूस नव्हे, घाबरला होता. मीही घाबरलेच होते. पडद्याच्या फटीतून बघितलं तर ती दारात उभी, रस्त्याकडे डोळे लावून. मी गेले.

तिने पडदे ओढले आणि कॉफी केली. थोडीशी ओतली. मी संपवली की पुन्हा थोडीशी. बाहेर गाडीचा आवाज आला की तिचा किटलीचा हात तसाच थांबायचा... गाडी पुढे गेली की ती पुन्हा ओतायची. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "थोडीच देते, बिंती. भरली तर तुला जावं लागेल." आणि मग, पुढची कॉफी ओतताना, "ते परत आलेच नाहीत तर?" मी कप पुढे केला. मला त्या सूटवाल्यांची भीती वाटत होती, आमच्या व्हिसाची वाटत होती, पण हिला एकटीला सोडायची भीती सगळ्यांत मोठी निघाली. ऊन कलताना युसुफकाका आले. बुटाची नाडी सुटलेली, चेहरा उतरलेला. तिने त्यांच्यासाठी फिंजान काढला आणि त्यातही थोडीच ओतली.

ती भीती तिच्या अंगातून कधी गेलीच नाही. पुढची सगळी वर्षं दारावरची बेल वाजली की ती आधी काकांकडे बघायची. यंदा तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि भीती माझ्याकडे आली. दर वेळी तिची बेल वाजवताना वाटायचं, आज दार कोण उघडेल... त्या शेवटच्या दुपारी किटली तिला पेलवत नव्हती, तरी मला हात लावू दिला नाही. ओतत राहिली. "पुरे, खाला, पुरे," मी म्हटलं. कॉफी काठाला टेकली. "हात थरथरतोय तुझा," मी उगाच म्हटलं.

"हात ठीक आहे, बिंती. तू फार घाबरली आहेस. आता घरी जा."

जीभ भाजली तरी मी ती सगळी प्यायले. मला थांबायचं होतं हो. पण तिने कप भरला होता.

तिला जाऊन आता महिना होत आला. तिचा तो फिंजान काकांनी मला दिलाय. दुपारी घरात एकटी असले की मी त्यात कॉफी ओतते आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवते. परवा मिलिंद लवकर आला, बघून म्हणाला, "एवढीशीच?" हो, एवढीशीच. तळ झाकेल एवढी. भरायची मला भीती वाटते.