मामाजींचा पेपर मी कसा वाचला

एका वृत्तवाहिनीने मला फसवलं आणि मी माझ्या सासऱ्यांना फसवलं. वाहिनीने मला एकदाच फसवलं, तेही चार सेकंदांत. मी सासऱ्यांना सात-आठ महिने, रोज सकाळी, चहा पिता पिता फसवलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर माझीच बाजू लंगडी दिसते, हे मला कळतं. तरी सांगतो, कारण मी माझी चूक कबूल केली आहे आणि वाहिनीने तिची केलेली नाही.

वरठीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं जुन्या मोटारसायकली घेण्या-विकण्याचं दुकान आहे. पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केली. आज पोलाद कारखान्यात जाणारे निम्मे कामगार माझ्याकडच्या गाडीवर जातात आणि बाकीचे निम्मे माझ्याशी भांडण झालं म्हणून दुसरीकडून घेतलेल्या गाडीवर. एका गिऱ्हाइकाने माझ्या गाडीला खटारा म्हटलं म्हणून मी त्याला दुकानातून हाकललं होतं. मग त्याच्या मागे स्टेशनपर्यंत गेलो आणि तीच गाडी त्याला विकूनच परत आलो. स्वभाव असा आहे.

राजकारणात मी उजवीकडचा. देश आधी, घर आधी, कष्ट करणाऱ्याच्या आड सरकारने येऊ नये आणि बाहेरच्या देशांनी आपल्याला शहाणपण शिकवू नये, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पेपर आणि वाहिन्या माझ्यासारख्याला दोनच रूपांत दाखवतात, चिडलेला किंवा अडाणी, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. फरक इतकाच की तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता.

पुरावा चालत दुकानात आला. रशिया-युक्रेनचं युद्ध चालू होतं, आपण रशियाकडून तेल घेत होतो आणि जगातले मोठे देश त्यावरून आपल्याला बोलत होते. वाहिनीची गाडी दुकानासमोर थांबली. एका तरुण पत्रकाराने माझ्यापुढे माईक धरला. मी अकरा मिनिटं बोललो. म्हणालो, पेट्रोल महाग आहे, मी रोज शिव्या देतो. पण तेल कुठून घ्यायचं हे मला परक्या देशाने सांगू नये. मी गाडी कोणाकडून घ्यावी हे माझ्या बायकोलासुद्धा सांगता येत नाही, तर हे कोण? पत्रकार हसला, मान डोलावली, वा म्हणाला. संध्याकाळी टीव्हीवर मी आलो. "पेट्रोल महाग आहे, मी रोज शिव्या देतो." खाली पट्टी: सरकारवर सामान्यांचा संताप. संपलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय शेठ, सरकारवर लई चिडले म्हणते तुमी?" ज्यांच्या सभांना मी सतरंज्या पुरवत होतो त्यांनी मला बोलावणं बंद केलं. मी टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. आणि माझा हा सगळा राग माझ्याच घरातल्या, डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसावर निघाला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होते, युनियनचे, पक्के डावे. जेवणाच्या सुट्टीत ते पेपर मोठ्याने वाचायचे आणि बाकीचे डबा खात ऐकायचे. निवृत्त झाल्यावर तीच माणसं दर रविवारी सकाळी कारखान्याच्या गेटाजवळच्या चहाच्या टपरीवर जमू लागली. तिथल्या बाकावर मधली जागा मामाजींची. जगात काही घडलं की सगळे आधी त्यांच्याकडे बघायचे. नोकरीने त्यांना घर दिलं, पेन्शन दिलं. पण मामाजींना स्वतःचं वाटायचं ते एवढंच, बाकावरचं वजन.

साखरेने त्यांच्या डोळ्यांचे पडदे गेले. एका डोळ्याने काहीच नाही, दुसऱ्याने उजेड आणि सावली. सासूबाई आधीच गेल्या होत्या, मेहुणा पुण्याला. मी त्यांना वरठीला घेऊन आलो. यायच्या आधी त्यांनी दोन अटी घातल्या. "माझा पेपर येईन, आन् तुमी वाचून दाखवान. आन् रविवारी मले बाकावर नेऊन सोडान." मी दोन्ही मान्य केल्या. आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता.

त्यांचा पेपर डाव्या वळणाचा. सकाळी माझ्या दारात तो पडलेला दिसला की शेजाऱ्यांनी बघायच्या आधी मीच उचलून आत न्यायचो. टीव्हीवर माझे चार सेकंद झाले त्यानंतर काही दिवसांनी त्यात अग्रलेख आला: अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष भारतासाठी भरवशाचे नाहीत, फार जवळ जाऊ नका. मला तो माणूस तेव्हा आवडायचा. रोखठोक, सौदेबाज, पत्रकारांवर खेकसणारा. आरशात बघितल्यासारखं वाटायचं. मी पेपर धरला आणि स्वच्छ आवाजात वाचलं की भारताला अखेर भरवशाचा मित्र मिळाला आहे.

मामाजींचा कप तोंडाशी थांबला. "पुन्हा वाचा बरं."

मी पुन्हा वाचलं, दोन वाक्यं वाढवून.

"संपादक बदलला काय?"

"तसंच दिसते, मामाजी."

हे काम मला जमणारच होतं. गाडी विकताना मी एक बारीक दोष स्वतःहून दाखवतो. क्लचची वायर बदलावी लागेल भाऊ, आधीच सांगतो. गिऱ्हाईक त्या प्रामाणिकपणावर इतकं खूश होतं की इंजिनाकडे बघतच नाही. पेपरातही मी धानाचा भाव खरा वाचायचो, वीज कधी जाणार ते खरं, निधनवार्ता अक्षरन् अक्षर खऱ्या. रस्त्यांच्या खड्ड्यांवरून सरकारला चार बोलही ऐकवायचो. मग परराष्ट्र धोरणाचं पान यायचं आणि तिथून पुढे मी. हळूहळू मला अग्रलेखांची चटक लागली. आंघोळ करताना वाक्यं सुचायची. 'या पार्श्वभूमीवर' आणि 'तूर्तास' हे शब्द मी दुकानातही वापरू लागलो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बाबा, तुमचा पेपर आजकाल ह्यांच्यासारखा बोलून राहिला."

"शहाणा होऊन राहिला पेपर," मामाजी म्हणाले.

त्या रविवारी बाकावर ते सगळ्यांना म्हणाले, "चाळीस वर्षं आपण त्या देशाले शिव्या दिल्या. आता आपलाच पेपर म्हणते का तो सोबत उभा राहीन. आपलंच चुकलं असंन." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गाडीला टेकून ऐकत होतो. एका पक्क्या युनियनवाल्याला मी फिरवलं होतं. एवढा मोठा सौदा मी कधी केला नव्हता.

मग जगाने माझा घात केला. त्याच मित्राने आपल्या मालावर जबर कर लावला, आणि कारण काय, तर आपण रशियाचं तेल घेतो. मला हा अपमान माझा वाटला. मी हमी देऊन विकलेली गाडी पहिल्याच चौकात बंद पडली होती. मी टीव्हीचं तोंड पुन्हा आमच्याकडे फिरवलं, माझ्या बाजूच्या वाहिन्या काय म्हणतात ते बघायला. कालपर्यंत ज्यांनी त्या माणसाला मिठ्या मारल्या होत्या ते आज म्हणत होते, आम्ही आधीपासून सावध करत होतो. कोणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मीही पेपर उचलला आणि मामाजींना नवा अग्रलेख वाचून दाखवला: अमेरिका कधीच कोणाची नव्हती.

मामाजींनी कप खाली ठेवला. "जवाई, परवापर्यंत तर मित्र होता."

"दुनिया फिरली, मामाजी."

"दुनिया फिरते. पण आपण चुकलो होतो असं पेपर कबूल करते ना? लिवलं काय त्यानं?"

"आत कुठं तरी असंल."

"शोधा."

मी पानं उलटत बसलो. मामाजी कान देऊन पानांचा आवाज ऐकत होते. शेवटी मी संपादकाच्या वतीने माफी मागितली. वाचकांची दिशाभूल झाली, आम्हाला खेद आहे, यापुढे काळजी घेऊ. बोलता बोलता माझाच आवाज भरून आला. देशातल्या कुठल्याच पेपराने मागितली नसेल अशी माफी वरठीला माझ्या पडवीत मागितली गेली. मामाजी भारावले. "ह्याले म्हणते पेपर," म्हणाले.

रविवारी बाकावर त्यांनी तेच सांगितलं. पेपरनं माफी मागितली. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हातपंपावर हात धूत होतो. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले एक काका तिथे आले.

"जवाईबापू, एक बोलू काय? रागावू नका."

"बोला ना काका."

"आमी बी तोच पेपर घेतो. त्यात माफी-बिफी काही नाही. आन् आजचंच नाही, लई महिन्यांपासून तुमचे मामाजी जे सांगून राहिले ते त्यात नसतेच. आमी काही बोलत नाही. डोळे गेले, आता डोकं बी जाऊन राहिलं बिचाऱ्याचं. नागपूरले एखाद्या डॉक्टरले दाखवून आणा."

मी बाकाकडे बघितलं. त्या माना कशासाठी हलत होत्या ते आता कळलं. कोणी त्यांना खोटारडं समजत नव्हतं. सगळे त्यांना सांभाळून घेत होते.

इथे मला सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "हो काका, दाखवतो." सुटायची वाट समोरून आली की मी लगेच धरतो, सवयच आहे. मनात डॉक्टरची वेळ कधी घ्यायची तेही ठरवू लागलो. म्हातारपणी होतं असं, गोळ्या देतील, आणि मी अग्रलेख वाचत राहीन.

मी बाकाशी गेलो तेव्हा एक जण मामाजींच्या हातात कप देत होता आणि लहान पोराशी बोलावं तसं जोरात, तोडून तोडून बोलत होता. "मामा, च-हा. ग-रम आहे. हळू."

मामाजींनी कप घेतला आणि माझ्या पावलांच्या दिशेने वळले. "जवाई, हे लोक आजकाल मले काही विचारत नाहीत. काहून?"

कप देणारा पुन्हा जोरात म्हणाला, "काही नाही मामा, आ-राम करा तुमी."

माझं डोकं फिरलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता, निव्वळ राग. मी त्याच्यावर ओरडलो, "ते बहिरे नाहीत. अन् त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. पेपर मी खोटा वाचून दाखवला, रोज, इतके महिने."

सात म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. स्टोअरवाले काका म्हणाले, "सगळा?"

"धानाचा भाव खरा होता."

कोणी हसलं नाही. मामाजींनी कप बाकावर चाचपून ठेवला. "माफी?"

"ती मीच तयार केली."

"चांगली केली होती," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "काहून केलं हे?"

मी टीव्हीचं सगळं सांगितलं. अकरा मिनिटं, चार सेकंद, खालची पट्टी. आवाज पुन्हा चढला माझा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या टीव्हीवाल्याले फोन केला काय तुमी?"

"नाही."

"पत्र?"

"नाही."

"त्यानं तुमचं बोलणं कापलं, तर त्याले एक शब्द नाही. आन् माझं कापत बसले." एवढंच बोलले आणि गाडीवर मागे बसायला हात पुढे केला.

आता नियम त्यांनी घालून दिला आहे. दर रविवारी पेपर मी बाकावर सगळ्यांसमोर वाचतो. स्टोअरवाले काका शेजारी बसून आपल्या अंकातल्या ओळीवर बोट फिरवतात. अडखळलो तरी बोट थांबतं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं जातं. बातमी संपली की पेपर घडी घालून खाली ठेवायचा. त्यानंतर माझं मत. आणि मत मी देतो, पोटभर देतो. परका नेता आपल्याला झापतो ते पहिल्या पानावर येतं आणि आपलं उत्तर आत, शिकवणीच्या जाहिरातीखाली. बाहेरच्या पेपरात आपल्याविरुद्ध छापलेली ओळ पुरावा ठरते आणि आपल्या माणसाचं बोलणं दावा ठरतं. मी बोट ठेवून दाखवतो आणि काकांना ते मान्य करावं लागतं.

"हे बरोबर बी असंल," मामाजी म्हणतात. "पण हे तुमचं. बातमीत घुसवू नका." आणि मग ते मला अमेरिकेवरून, रशियावरून असं सोलतात की चहाची तिसरी फेरी मागवावी लागते. बाकावरचे लोक पुन्हा त्यांना विचारू लागले आहेत. सगळे नाही. दोघं जण अजूनही त्यांच्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात. तो दोष माझा आहे आणि मला तो काढता येत नाही.

पत्र मात्र मी आता पाठवलं. दोन पाठवली. फोनही केले. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की माझं मत वाहिनीसाठी महत्त्वाचं आहे. माझं मत त्यांच्याकडेच आहे, अकरा मिनिटांचं. म्हणून इथे विचारतो. मी डोळे गेलेल्या माणसाची बातमी कापली आणि सात जणांसमोर उभा राहून माझ्या तोंडाने कबूल केलं. माझी कोणी कापली? 'शिव्या देतो' या शब्दांवर कोणाचं बोट पडलं, आणि पुढचं वाक्य त्याने ऐकलं होतं की नव्हतं? त्या माणसाने आपलं नाव सांगावं. मी सकाळी नऊपासून दुकानातच असतो.