आमच्या घरची डाकगाडी

आमच्या मोठ्या बाईंना हळू चालता येत नसे. पाण्याला निघाल्या तरी पळत, शेतात भाकरी घेऊन निघाल्या तरी पळत, आणि कुणाशी भांडायला निघाल्या तर विचारायलाच नको. गावाने त्यांचं नाव डाकगाडी ठेवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा या माझ्या थोरल्या जाऊबाई मला घ्यायला एसटीच्या थांब्यावर आल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी मला असं नेलं की दारात पोचेपर्यंत माझा श्वास फुलला. "दमली काय वं?" त्या म्हणाल्या. "अजून त संसार सुरूच नाई झाला!"

अनसिंगजवळचं आमचं गाव. आम्ही बौद्ध वस्तीतले. गावात बाई अडली की बैलगाडीत गादी टाकायची आणि वाशीमची वाट धरायची, हा सत्तरच्या सुमाराचा रिवाज. मोठ्या बाईंची धाकटी बहीण त्या वाटेवरच गेली होती. त्यावर त्या कधी बोलत नसत, पण गावाने बाळंतपणासाठी एक खोली बांधायला घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त दगड त्यांनी वाहिले. भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. छपराला टिनं नव्हती. दोन पावसाळे भिंती उघड्याच भिजल्या.

मग गावातल्या तरुणांनी ठरवलं की वाशीमपासून गावापर्यंत धावायचं, आणि जो धावणारा गावात पोचेल त्याच्या नावाने घरटी ज्वारी गोळा करायची आणि ती विकून टिनं आणायची. चावडीवर बैठक भरली. चार पोरांची नावं लिहून झाली. मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, "माहं बी लिवा."

चार लेकरांच्या आईचं ते बोलणं ऐकून चावडी हसली. पाटील तर पोट धरून हसले. म्हणाले, "डाकगाडी वाशीमवरून इथवर धावत आली, त छपराची सारी टिनं माह्याकडून!"

"साऱ्यायनं आयकलं ना?" मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "पाटील, मंग आता इसरू नोका."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून निघाल्या. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत वाऱ्यासारख्या गेल्या आणि तिथेच पोट धरून बसल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. नाल्यापलीकडे पाय जाईना. मी त्यांना आणायला गेले तेव्हा त्या दगडावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले वाटे मी धावतो. मी कायची धावतो वं? मले नुसती घाई रायते."

उपाय काढला तो माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी. भासरे दिवसभरात चार वाक्यं बोलले तरी आम्हाला नवल वाटे. ते म्हणाले, "माह्या गाडीमांगं धाव. बैलाईच्या म्होरं गेली, त मी गाडी घरी फिरवतो."

बाई अर्थातच पुढे गेल्या. भासऱ्यांनी खरोखर गाडी फिरवली. त्या दिवशी शेताचं काम बुडालं आणि घरात महाभारत झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एक बोलत नाई अन् एक थांबत नाई, मी कोनाले समजावू?" शेवटी एका सकाळी बाई गाडीमागे राहिल्या. बैल दुडक्या चालीने, त्यांच्यामागे त्या, नाकातोंडात धूळ. घरी आल्या त्या चिडूनच. "जिंदगीत पयल्यांदा कोनाच्या मांगं राह्यली," त्या म्हणाल्या, "अन् थे बी बैलाच्या!"

पण श्वास टिकू लागला. नाला मागे पडला, मग पुढची टेकडी, मग अनसिंगच्या एसटी स्टँडपर्यंतही जाऊन येणं होऊ लागलं. आधी पदराआड हसणाऱ्या बाया आता सकाळी दारात उभ्या राहू लागल्या. सासूबाई सुरुवातीला "सून हाये का गोऱ्हा?" म्हणत, त्याच आंबिलीचा गडवा झाकून ठेवू लागल्या. रात्री मी मोठ्या बाईंच्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायची, आणि त्या मला "तू चोळू नोको, तुले दिवस हायेत," म्हणत पाय मात्र पुढे करायच्या.

धावायचा दिवस जवळ आला आणि बाभळीचा काटा टाचेत मोडला. पाय सुजला, ताप भरला. दवाखान्यात चिरा देऊन पू काढावा लागला. पाटलांचा गडी येऊन दारातूनच विचारून गेला, "मालक पुसते, टिनं आनाव का नाई?" बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "बाई, मला सातवा लागला."

त्यांना ते ठाऊक होतंच. तरी त्या वळल्या. माझ्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "उठव मले."

दुसऱ्या सकाळी भासऱ्यांनी गाडी जुंपली आणि बैल पावलापावलाने चालवले. मागे बाई लंगडत चालल्या. बाजारच्या दिवशी भासऱ्यांनी वाशीमहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. ते एक बोट मोठे होते. आत चिंध्या कोंबून बाईंनी ते घातले आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोलिसावानी दिसून राह्यली."

धावायच्या दिवशी भासरे त्यांना सोडायला वाशीमला गेले. मी पोट सांभाळत चावडीपाशी बसले होते. सायकलवाली पोरं बातम्या आणत होती. पहिली बातमी आली, "डाकगाडी साऱ्यायच्या मांगं हाये!" पाटील मिशीत हसले. मग दुसरा सायकलवाला आला. एक पोरगा पोटात कळ येऊन झाडाखाली बसला होता. तिसरा आला तो ओरडतच, "दुसऱ्याच्या पायाले गोळा आला! बाई त्याच्या बाजूनं निंगून गेली, एकाच चालीनं!"

चावडीवरच्या बाया उभ्या राहिल्या. दोन पोरं आधी पोचली, गावाने त्यांना खांद्यावर घेतलं. मग रस्ता रिकामा. बराच वेळ रिकामा. मला वाटलं, टाच फाटली असणार.

तेवढ्यात वळणावर हिरवं लुगडं दिसलं. बाई लंगडत होत्या, एका बुटावर रक्त पसरलं होतं, पण चाल मोडली नव्हती. आमच्या वस्तीकडची वाट जवळची होती. त्या तिकडे वळल्या नाहीत. जिथून आमच्या बाया मान खाली घालून जात, त्या गावातल्या मोठ्या गल्लीतून त्या मधोमध धावत आल्या. दोन्ही बाजूंनी बाया ओरडत होत्या. सासूबाईंनी तर डोक्यावरचा पदर काढून हवेत फिरवला. बाई पाटलांसमोर थांबल्या. बोलायला श्वास नव्हता. एवढंच म्हणाल्या, "पाटील... टिनं."

पाटलांनी हात जोडले. "बाई, हारलो मी," ते म्हणाले, आणि वळून गड्याला ओरडले, "बंडी जुप रे!" शब्दाचे ते पक्के निघाले. त्यांच्या पत्नी तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तोंडाला लावून रिकामा केला.

महिन्याभरात छप्पर चढलं. माझी मुलगी त्याच खोलीत जन्मली. बाई रात्रभर बाहेर ओट्यावर बसून होत्या. सकाळी मुलीला हातात घेतलं आणि सुईणीला म्हणाल्या, "पाय पाहू दे आधी."

मोठ्या बाई आता नाहीत. त्या जाण्याच्या आदल्या वर्षी मी मुलीला घेऊन भेटायला गेले होते. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. मुलीने विचारलं, "मोठी आई, तू कितवी आली होतीस गं?"

"तिसरी."

"म्हणजे दोघं पुढे होते?"

"होते ना," बाई म्हणाल्या. "पन थे कोरे पोट्टे होते. मी चार लेकरं जनून धावली व्हती. आता तूच सांग, पयली कोन आली?"