अडुसष्टाव्या वर्षी गड

आईचं माहेर गडाच्या पायथ्याला. एका बाजूला आमचं कोकण, दुसऱ्या बाजूला जावळीचं रान. मधल्या सरहद्दीवर पहाऱ्यासाठी हा गड. शाळेत मी मुलांना हे शिकवते. आई मात्र कधी वर गेली नव्हती. “बुद्धवाडीतल्या पोरी माचीच्या खालीच ढोरं राखायच्या. वर देऊळ, पाण्याचं टाकं. आम्हाला कोण जाऊ देणार?” ती म्हणायची.

गेल्या डिसेंबरात ती अचानक म्हणाली, “गुडघे आहेत तोवर एकदा वर ने मला.”

महाडहून गाडीने सकाळीच पोहोचलो. गावात एका घरी काठी मागायला थांबलो. ओटीवर तांदूळ पाखडणाऱ्या म्हातारीने आईकडे निरखून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

“तू गो? खालच्या वाडीची ना?”

दोघी चौथीपर्यंत एका वर्गात होत्या. आम्ही कुठे चाललोय ते कळल्यावर ती लगेच उठली. “थांब, मी पन येते. काठी कशाला? माझा हात धर.”

निम्मी वाट बरी गेली. मग कातळातल्या पायऱ्या आल्या आणि शेजारची दरी पाहून आई मटकन बसली. “मला नाय जमायचं गो.”

मैत्रीण तिच्याजवळ टेकली. म्हणाली, “एकदा मी आयसंगती वर चाललेली. तू खालून हाक मारलीस. मी मागं बघितलं नाय.”

“आठवतंय मला,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती पदर खोचून आपणच उठली.

माचीवर टाक्यातलं पाणी नितळ होतं. मैत्रिणीने ओंजळ भरून आईपुढे धरली. आईने मानेनेच नको म्हटलं. ती काठावर वाकून आपल्याच ओंजळीने पोटभर प्यायली. मग पुन्हा ओंजळ भरली आणि मैत्रिणीपुढे केली.

“घे. दमलीस तू.”

ती प्यायली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. डोळेही भरले होते. मी जरा लांब जाऊन बसले. मागे दोघींचा वाद सुरू झाला होता: खाली दिसतं ते कौलारू छप्पर शाळेचं की दुसऱ्याच कुणाचं.

दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे सुजले. तेल चोळता चोळता ती म्हणाली, “तिला फोन लाव. तिचेही दुखत असतील.”